सासूबाईंचा हंडा पुन्हा चुलीवर बसला त्याची गोष्ट

यंदाच्या पाडव्याला, म्हणजे ९ एप्रिल २०२४ ला, पहाटे लाईट गेली ती दुपारी तीनला आली. कडुलिंबाचा पाला घालून न्हायचा दिवस, आणि आम्ही सगळे गॅसवर एकेक पातेलं तापवत बसलो. सासूबाई ७६ वर्षांच्या आहेत. त्यांना कोमट पाणी चालत नाही, गुडघ्यांवर कडकडीत पाणी पडल्याशिवाय त्यांचा दिवस सुरू होत नाही. त्या दिवशी त्यांच्या वाट्याला अर्धी बादली आली. त्या काही बोलल्या नाहीत. दुपारी मात्र माळ्याकडं बघत म्हणाल्या, "वर बंब हाय न्हवं. खाली तर काढा."

आम्ही दीड वर्षापूर्वी बेळगावहून गावी राहायला आलो. गाव खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या अलीकडं. पावसाळ्यात झाडं पडतात, तारा तुटतात, दोन-दोन दिवस लाईट नसते. शिवाय गीझरचा खर्च वेगळाच. कर्नाटक सरकारच्या गृहज्योती योजनेत २०० युनिटपर्यंत वीज फुकट असं सगळे म्हणतात, पण प्रत्येक घराची हद्द ठरते ती त्या घराच्या २०२२-२३ च्या सरासरी वापरावर. तेव्हा या घरात सासूबाई एकट्या राहायच्या, दोन बल्ब आणि एक पंखा. त्यामुळं आमची हद्द अगदी खाली, आणि वरच्या युनिटांचं बिल आम्हीच भरतो. वीस लिटरची एक बादली आंघोळीजोगी तापवायला पाऊण ते एक युनिट जातं. माणसं पाच. हिशेब केला आणि बंब खाली काढला.

१२ एप्रिलला बंब पोत्यात बांधून मी बसनं बेळगावला नेला. मला शक्तीचं, म्हणजे बायकांना बसप्रवास फुकट असलेल्या योजनेचं, झिरो तिकीट मिळालं. बंबाचे पैसे काही घेतले नाहीत, फक्त कंडक्टरनं तो मागच्या सीटच्या मागं ठेवायला लावला. खडेबाजाराच्या बाजूच्या एका बोळात एक वयस्कर कासार बसतात, त्यांच्याकडं गेले. अशा कामाला जाताना शुक्रवार-शनिवार टाळा. लग्नसराईत रुखवताच्या भांड्यांची गर्दी असते आणि जुन्या कामाकडं कुणी नीट बघत नाही. मी नेमकी शुक्रवारी गेले आणि दीड तास बसून राहिले.

कासारकाकांनी बंबाचं झाकण काढलं, मधल्या नळ्यात बॅटरी लावून बघितलं आणि बोटानं आतून चाचपलं. मग बंब माझ्याकडं वळवून म्हणाले, "आत बघा." नळ्याच्या खालच्या अंगाला पत्रा इतका पातळ झाला होता की सुईच्या टोकाएवढे चार-पाच उजेडाचे ठिपके दिसत होते. बंबात विस्तव नळ्यात असतो आणि पाणी त्याच्या भोवती. सगळी आच सोसतो तो नळा. बाहेरचं अंग लखलखीत असलं तरी आयुष्य नळ्याचंच. नवा नळा घालायचा तर साडेतीन हजार, आणि टिकेल याची खात्री ते देईनात. मोडीत घातला तर साडेनऊ किलोचे पाच हजारांच्या वर होत होते. मी फोन लावून सासूबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "नळा गेला म्हंजे बंब गेला. मोडू नको पण. माझा हंडा ने, त्यो चुलीवरचा."

तो हंडा धान्याच्या खोलीत होता, आत तांदळाची कणी भरलेली. चाळीस लिटरचा, तांब्याचा, पोट मोठं आणि गळा अरुंद. गळ्याच्या खाली टाचणीनं टोचल्यासारख्या ठिपक्यांनी अक्षरं कोरलेली आहेत: त्यांच्या माहेरच्या नावाचं आद्याक्षर, आडनाव, आणि "वैशाख शके १८८९". म्हणजे १९६७ साल, त्यांचं लग्न. २२ एप्रिलला मी हंडा घेऊन निघाले तेव्हा त्यांनी अक्षरांवरून बोट फिरवलं आणि एवढंच सांगितलं, "पालीश करताना हे घासू देऊ नको."

हंड्यात पाणी भरून कासारकाकांनी तो कोरड्या फरशीवर ठेवला. पाच मिनिटांनी बुडाच्या सांध्याशी ओलसर रेघ उमटली. सांधा पाझरत होता, पत्रा ठणठणीत होता. "ह्याला मरण नाही," ते म्हणाले. सांधा उकलून पुन्हा ठोकायचा, डाक द्यायचा (म्हणजे झाळून पक्का करायचा), एके ठिकाणी ठिगळ. सगळ्याचे १,४०० रुपये. आंघोळीच्या पाण्याच्या भांड्याला आतून कल्हई लागत नाही, तिचा खर्च करू नका, हे त्यांनी स्वतःहून सांगितलं. मी बरोबर पितळेची किटली नेली होती, तिला मात्र कल्हई हवीच, कारण त्यातलं पाणी पोटात जातं.

किटलीची कल्हई माझ्यासमोरच केली. भात्यानं कोळसे लाल केले, किटली सांडशीत धरून फिरवत तापवली, आत चिमूटभर नवसागर टाकला. पांढरा, नाकात जाणारा धूर भस्सकन वर आला. लगेच कथलाची कांडी आत टेकवली, ती लोण्यासारखी वितळली, आणि कापसाच्या बोळ्यानं त्यांनी ती दोन-तीन फटकाऱ्यांत सगळीकडं पसरवली. काळपट पिवळं भांडं आतून चांदीसारखं झालं, मग पाण्यात बुडवताना चर्र आवाज. सगळं मिळून दहा मिनिटं, २५० रुपये. हंडा ३ मेला मिळाला. अक्षरं होती तशीच होती. त्यांनी तेवढ्या पट्ट्याला कापड गुंडाळून बाकीचा हंडा घासला होता.

आता जळणाचं. गोठ्यावर एक जांभळ झुकलं होतं, निम्मं वाळलेलं. आपल्या जागेतलं झाड, आपण तोडावं, असं वाटतं. पण कर्नाटकात १९७६ चा वृक्ष संरक्षण कायदा आहे. निलगिरी, सुरू, नारळ, सुबाभूळ, सिल्व्हर ओक अशी काही झाडं त्यातून वगळली आहेत, बाकीच्यांना वनखात्याची परवानगी लागते. जांभळाला लागते. शेजाऱ्यानं सांगितलं, "गुपचूप पाड, कोण बघतंय." मन होईना.

१५ एप्रिलला वनखात्याच्या ऑफिसात अर्ज घेऊन गेले. अर्ज कन्नडमध्ये द्यायचा. मला वाचता येतं, पण सरकारी कन्नड लिहायचं म्हणजे हात अडखळतो. आमच्या शेजारची कन्नड मुलगी डिग्रीला आहे, तिनं लिहून दिला. बरोबर आधार, चालू आरटीसी (जमिनीचा उतारा) आणि झाडाचे दोन फोटो जोडले. तिथं पहिली अडचण आली. उताऱ्यावर अजून सासऱ्यांचं नाव, ते जाऊन सहा वर्षं झाली. मृत्यूचा दाखला होता, वंशवृक्ष नव्हता. तो नाडकचेरीत, म्हणजे महसूल खात्याच्या कचेरीत, अर्ज करून काढायचा. तलाठ्यांनी घरी येऊन चौकशी केली, दोन शेजाऱ्यांच्या सह्या घेतल्या, आणि दाखला हातात आला २९ एप्रिलला. त्यात आमच्याकडं मतदान ७ मेला. सगळा स्टाफ इलेक्शन ड्यूटीवर, त्यामुळं पुढचे आठ-दहा दिवस कुणी भेटेना. मी चार फेऱ्या मारल्या. प्रत्येक फेरीत अर्जाच्या प्रतीवर पोच आणि तारीख घालून घेतली, आणि तीच शेवटी कामाला आली, कारण मधे माणूस बदलला आणि नव्या माणसाला फाईल सापडेना. माझ्याकडची पोचेची प्रत बघून त्यानं ती शोधून काढली.

१६ मेला वनखात्याचे गार्ड आले, झाड मोजलं, महजर (पंचनामा) लिहिला, सासूबाईंचा अंगठा नको म्हणाले, सही घेतली. त्या चौथी शिकलेल्या आहेत, मोडीसारख्या तिरक्या वळणाची सही करतात, आणि कन्नड कागदाखाली ती मराठी सही बघून गार्डसाहेबांनी काही हरकत घेतली नाही. २७ मेला परवानगीचा कागद मिळाला. लाकूड घरीच वापरायचं असल्यानं वाहतुकीच्या पासाची भानगड आली नाही. झाड उतरवून तुकडे करायला करवतवाल्यानं २,५०० घेतले. तुमचा उतारा अजून थोरल्या माणसांच्या नावावर असेल तर झाडाची वाट न बघता आधी वारसा लावून घ्या. आम्ही पौती खात्याचा, म्हणजे वारसनोंदीचा, अर्ज त्याच फेरीत देऊन टाकला.

दरम्यान चूल बांधून झाली होती. सासूबाईंच्या माहेरी तिचं तोंड परसात आणि हंडा न्हाणीत, अशी रीत होती. जळण बाहेरून घालायचं, पाणी आतून घ्यायचं, म्हणजे धूर आणि राख न्हाणीत येत नाही. आमच्या गवंडीमामांनी असली चूल तीस वर्षांत बांधली नव्हती. त्यांनी सिमेंट वापरायचं म्हटलं. सासूबाई काठी टेकत न्हाणीपर्यंत गेल्या आणि म्हणाल्या, "शिमिट तडकतंय इस्तवानं. माती घाला." खानापूरची माती कुंभारकामाला आणि कौलांना नावाजलेली, खादी ग्रामोद्योगाची कुंभारकाम शिकवणारी संस्था उगाच खानापुरात नाही. आम्ही शेताच्या बांधावरच्या जुन्या, मुंग्या सोडून गेलेल्या वारुळाची माती आणली, त्यात भाताचं तूस आणि शेण घालून आठ दिवस रोज पाणी मारून पायानं तुडवली. तुसामुळं माती वाळताना कमी तडकते.

८ आणि ९ मेला बांधकाम झालं. विटा १२०. खाली हवा यायला चार बोटं जागा, तिच्यावर जुन्या सळयांची जाळी, जाळीवर विस्तव. हंडा तीन विटांच्या कोपऱ्यांवर टेकवला आणि त्याच्या पोटाभोवती दोन बोटांची पोकळी ठेवली. आच बुडालाच लागून थांबली तर निम्मी वाया जाते, या पोकळीतून ती पोटाला वेढून मागच्या धुराड्यात जाते. पोकळी चार बोटं झाली तर आच नुसतीच पळते. गवंडीमामांनी पहिल्यांदा तशीच केली होती, सासूबाईंनी उकलायला लावली. वर गळ्याशी मातीनं गच्च बंद केलं, पण मी हटून बसले आणि मातीची कड अक्षरांच्या खालीच थांबवली. "वैशाख शके १८८९" आता न्हाणीत शिरल्याशिरल्या दिसतं.

माती वाळायला सोळा दिवस दिले. या दिवसांत रोज संध्याकाळी पालापाचोळ्याचा छोटा जाळ करायचा, पडलेल्या भेगा पातळ मातीनं भरायच्या. घाई करू नका. ओल्या चुलीत मोठा जाळ केला तर वाफेनं पोपडे उडतात.

२६ मेला, रविवारी, पहिला खरा जाळ केला. सगळा धूर परत तोंडातून बाहेर आला. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, नवरा फुंकणीनं फुंकून लाल झाला, आणि मला आतून फार वाईट वाटलं. दीड महिना घालवून आपण एवढ्या म्हाताऱ्या माणसाला आशा लावली, असं वाटत राहिलं. सासूबाई पायरीवर बसल्या होत्या. म्हणाल्या, "काय करुलालीस गं एवढं मनाला लावून? पाईप बघ की, आढ्याच्या खाली हाय."

खरंच होतं. धुराड्याचा पाईप कौलांतून बाहेर आला होता, पण त्याचं तोंड आढ्यापेक्षा खाली होतं. वारा आढ्यावरून घसरून सरळ त्यात शिरत होता. दुसऱ्या दिवशी दोन फुटांचा तुकडा जोडला, ३८० रुपये. तेवढ्यानं ऐंशी टक्के काम झालं. उरलेलं एका साध्या युक्तीनं: जाळ करण्याआधी धुराड्याच्या तोंडाशी कागदाचा एक बोळा पेटवायचा. पाईप गार असला की धूर वर चढत नाही, आधी आतली हवा तापली की ओढ लागते. पाईप जिथं कौलांतून जातो तिथं लाकडी वासा दोन वीत तरी लांब हवा, आणि भोवती पत्र्याची झालर हवी, नाहीतर पावसाचं पाणी पाईपवरून खाली उतरतं. न्हाणीचा झरोका आम्ही कायमचा उघडा ठेवला आहे. निखाऱ्यांचा वायू दिसत नाही, त्याला वासही नसतो, आणि बंद खोलीत तो जीव घेतो. चुलीचं तोंड बाहेर असलं तरी मातीला कुठं भेग पडली तर तो आत येऊ शकतो. यात हयगय करू नका.

२८ मेला चाळीस लिटर पाणी पन्नास मिनिटांत तापलं. सासूबाई न्हाणीत गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्याच नाहीत. मी दाराशी जाऊन हाक मारली. आतून आवाज आला, "विसण दे गं थोडं, लई कडक झालंय." विसणासाठी गार पाण्याची बादली भरताना माझा हात थरथरत होता.

तेव्हापासूनचा अनुभव सांगते. वाळकं जळण असेल तर साधारण तीन किलोत हंडा तापतो. जांभळाचं लाकूड यंदा हातही लावलेला नाही, ते शेडमध्ये कौलाखाली उभं-आडवं रचून ठेवलंय. या उन्हाळ्यात तोडलेलं झाड पुढच्या उन्हाळ्याचं जळण. ओलं लाकूड घातलं की निम्मी आच त्यातलंच पाणी आटवण्यात जाते आणि धुराड्याला आतून काजळीचा चिकट थर बसतो. यंदा आम्ही नारळाच्या सोडणांवर, करवंट्यांवर, शेणींवर आणि शेजाऱ्याकडून घेतलेल्या गेल्या वर्षीच्या अकेशियावर भागवलं. जुलैत पाऊस लागून राहिला तेव्हा उद्याचं जळण आदल्या रात्री चुलीच्या अंगाला लावून ठेवायची सवय लागली. सकाळपर्यंत ते खडखडीत होतं.

एकदा मोठी चूक होता होता राहिली. ऑगस्टमध्ये पाहुणे आले होते, एकामागून एक आंघोळी झाल्या, आणि हंड्यात पाणी तळाला गेलं तरी खाली जाळ चालूच. मुलगा ओगराळं घालायला गेला तर खरखर आवाज आला. तो लगेच गार पाणी ओतणार होता, मी त्याचा हात धरला. तापलेल्या कोरड्या तांब्यावर गार पाणी पडलं तर सांधा उकलतो. आधी बाहेर जाऊन जाळ ओढून काढला, अर्ध्या तासानं कोमट पाणी थोडं थोडं घातलं. भांड्यात पाणी असेपर्यंत ते शंभर अंशाच्या फार वर जात नाही, म्हणून विस्तवावर सुखरूप राहतं. पाणी संपलं की काही मिनिटांत सांधा जातो. कल्हईच्या भांड्याचं तर आणखी लवकर, कारण कथील २३२ अंशांनाच वितळतं. आता गळ्याच्या आत चार बोटांवर मी खिळ्यानं खूण केली आहे. पाणी खुणेखाली गेलं की भरल्याशिवाय कुणी जळण घालायचं नाही.

किटली स्वयंपाकघरातल्या चुलीच्या वैलावर, म्हणजे मागच्या जोडचुलीवर, असते. भाकरी होईपर्यंत वैलावर पाणी आपोआप तापतं, त्याला वेगळं जळण लागत नाही. तिच्या बुडाला बाहेरून राख आणि मातीचा पातळ लेप देते. काजळी लेपावर बसते आणि घासताना लेपाबरोबरच निघून जाते. चोचीत फडकं कोंबून किंवा झाकण दाबून बसवून पाणी उकळू नका, वाफेला वाट हवी. विहिरीचं पाणी वापरते तोवर आत काही बसत नाही. उन्हाळ्यात बोअरचं वापरलं तेव्हा महिन्याभरात पांढरा थर आला. सहा-सात आमसुलं घालून पाणी उकळलं आणि रात्रभर ठेवलं, सकाळी थर बोटानं सुटला. चिंचेनंही होतं, पण कल्हईवर घासणी अजिबात चालवायची नाही.

झाडतोडीचे सोडून एकूण खर्च ८,११० रुपये: कासाराचे १,६५०, विटा १,०८०, गवंडी आणि मजूर दोन दिवसांचे ३,०००, पाईप जोडतुकड्यासकट २,०३०, जाळी ३५०. वीजबिल जूनपासून हद्दीच्या आत येतंय. गीझर काढलेला नाही. कुणी आजारी असलं, रात्री-अपरात्री पाणी लागलं तर तो हवाच.

३० ऑक्टोबरला, नरक चतुर्दशीच्या आदल्या संध्याकाळी, शेजारची ती कन्नड मुलगी आणि तिची आई घरी आल्या. त्यांच्यात त्या संध्याकाळी 'नीरु तुंबुव हब्बा' असतो, न्हाणीतला हंडा घासून, सजवून, नव्या पाण्यानं भरायचा. त्यांच्या घरी आता गीझर आहे, हंडा नाही. चिंच आणि राखेनं आम्ही चौघींनी हंड्याचा वरचा भाग घासला. अक्षरांपाशी सासूबाईंनी स्वतः घासलं, फक्त अंगठ्यानं. झेंडूची माळ गळ्यात घातली, हळद-कुंकू लावलं, विहिरीचं पाणी आणून काठोकाठ भरलं. पहाटे साडेतीनला मी जाळ केला. गळ्याशी मातीला एक केसाएवढी भेग दिसली. वारुळाची माती भिजत घातली आहे, या रविवारी लेप देणार.